मोटारीचें पंचांग

मध्यमवर्गीय घरांतून हल्लीं एक वाक्य वारंवार ऐकूं येतें. "गाडी आतां जुनी झाली." हें वाक्य उच्चारणारा गृहस्थ बहुधा त्यापुढें कांहीं बोलत नाहीं, कारण त्याच्या मतें पुढचें सारें त्यांतच आलें. गाडी जुनी झाली, म्हणजे ती विकावयाची; विकावयाची, म्हणजे नवी घ्यावयाची; आणि नवी घ्यावयाची, म्हणजे आधींच्या गाडीहून मोठी घ्यावयाची. एका विशेषणापासून निघून बारा-चौदा लाखांच्या खर्चापर्यंत आपण एका दमांत येऊन पोंचतों, आणि वाटेंत कोठेंही 'कां?' म्हणून थांबत नाहीं. ज्या घरांत भाजीवाल्याशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस होते, त्याच घरांत हें घडतें, हें विशेष.

वस्तुतः 'जुना' हा शब्द आपल्या भाषेंत निंदेचा नाहीं. तांदूळ जुना असला तर आपण किलोमागें चार रुपये अधिक मोजतों. जुन्या सागवानी दारासाठीं लोक पडके वाडे धुंडाळतात. जुना वैद्य, जुनी ओळख, आजीच्या वेळची पितळेची परात, या सर्वांचा आपण अभिमानानें उल्लेख करतों. मग हाच शब्द मोटारीस लावला कीं तो फांशीचा हुकूम कां ठरावा? माझें उत्तर असें आहे कीं, वय आणि अवस्था या दोन गोष्टींचा आपण घोंटाळा केला आहे. वय पंचांगांत पाहावयाचें असतें. अवस्था यंत्रांत पाहावयाची असते. पण ग्राहक, विक्रेता व सरकार हे तिघेही यंत्र उघडण्याचा त्रास चुकविण्यासाठीं पंचांग उघडतात. आणि या आळसाचें मोल गृहस्थाला आपल्या शिलकेंतून, आणि प्रसंगीं आपल्या जिवानें, द्यावें लागतें. हें जरा कठोर वाटेल. म्हणून सविस्तर सांगतों.

या विषयाचें निमित्त घरगुतीच आहे. आमची मोटार २०११ सालची. तिला चौदा वर्षें उलटून गेलीं, आणि घरांत सर्वानुमतें ठरलें कीं ती बदलावी. मी अल्पमतांत होतों. तरी एक सवलत मीं मागून घेतली, ती अशी कीं आधीं नेहमींच्या गॅरेजांत गाडी दाखवावी आणि मग दुकानांत जावें. गॅरेजवाल्यानें गाडी उचलून धरली, खालून दिवा फिरविला, चाकें हलवून पाहिलीं, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि अर्ध्या तासानें यादी सांगितली. पुढचे शॉक-ॲब्सॉर्बर व त्यांचे बुश, क्लच-प्लेट, चार टायर आणि बॅटरी. इंजिन ठीक, तळाला गंज नाहीं. खर्च सुमारें ७५,००० रुपये. "एवढं केलंत सर, कीं अजून चार-पांच वर्षं बघायला नको," असें तो म्हणाला. गाडी कोणत्या सालची, हें त्यानें विचारलें नाहीं.

तेथून आम्ही मोटारींच्या एका दुकानांत गेलों. तेथें थंडगार हवा होती, कॉफी होती, आणि अत्यंत विनयशील असा एक तरुण होता. त्याचा पहिला प्रश्न, "सर, सध्यांची गाडी कोणत्या सालची?" आणि दुसरा, "महिन्याला हप्ता किती बसवायचा?" आम्ही वर्षाला किती किलोमीटर फिरतों, गाडींत माणसें किती असतात, बहुतेक प्रवास शहरांत होतो कीं घाटांत, सध्यांच्या गाडीस काय झालें आहे, यांपैकीं एकही प्रश्न आला नाहीं. जुन्या गाडीची किंमत सालावरून दोन मिनिटांत ठरली; ती सव्वा लाख. त्यासाठीं गाडीचें बॉनेट उघडण्याची गरज कोणासही भासली नाहीं. त्या तरुणाचा यांत दोष आहे असें मी म्हणत नाहीं. त्याला जें शिकविलें तें तो करीत होता. पण एकाच दिवशीं दोन माणसांनीं आमची मोटार पाहिली. एकानें साल विचारलें नाहीं, दुसऱ्यानें यंत्र पाहिलें नाहीं. आणि आमच्या घरांत दुसऱ्याचें मत अधिक ग्राह्य ठरत होतें! हा लेख लिहिण्यास मला याच गोष्टीनें प्रवृत्त केलें.

पंचांगानें मोटार जोखण्याची ही पद्धत आली कोठून? ती यंत्रशास्त्रांतून आलेली नाहीं. विक्रीशास्त्रांतून आलेली आहे. अमेरिकेंत १९०८ सालीं हेन्री फोर्ड यांनीं 'मॉडेल टी' नांवाची मोटार बाजारांत आणली आणि १९२७ पर्यंत, म्हणजे सुमारें १९ वर्षें, मूळ नमुना फारसा न बदलतां तीच विकली. दीड कोटींहून अधिक गाड्या त्यांनीं केल्या. साधी, बळकट, शेतकऱ्यालाही दुरुस्त करतां येईल अशी ती गाडी होती. पण १९२०-३० च्या दशकांत एक अडचण उभी राहिली. ज्यांना मोटार परवडत होती त्यांपैकीं पुष्कळांकडे ती येऊन चुकली होती, आणि ती मोडत नव्हती. कारखान्यानें आतां विकावें कोणाला? यावर तोडगा जनरल मोटर्स कंपनीच्या आल्फ्रेड स्लोन यांनीं काढला. दरसाल गाडीचें रूप थोडें बदलावयाचें; प्रत्येक मिळकतीच्या माणसासाठीं एक पायरी व तिच्यावर दुसरी पायरी ठेवावयाची; जुनी गाडी बदल्यांत घ्यावयाची; आणि उरलेल्या रकमेस कर्ज द्यावयाचें. कर्ज देणारी स्वतंत्र संस्था तर त्या कंपनीनें १९१९ सालींच काढली होती. त्याच कंपनीच्या संशोधनखात्याचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनीं १९२९ सालीं एक लेख लिहिला. त्याचें शीर्षकच मुळीं ग्राहकास असंतुष्ट ठेवा अशा अर्थाचें होतें. यांत गुप्त कट कांहीं नव्हता. सारें उघड उघड, धंद्याच्या हिशेबानें आणि छापून सांगितलेलें होतें. ग्राहक संतुष्ट झाला तर कारखाना थांबेल, म्हणून त्याला आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या चालत्या गाडीची लाज वाटली पाहिजे, हा त्या विचाराचा गाभा. जुनेपणा हा अशा रीतीनें मोटारीबरोबरच कारखान्यांत तयार होऊं लागला.

या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. ज्या अमेरिकेनें दरसालच्या नव्या नमुन्याचा हा मंत्र जगाला दिला, त्या देशांत २०२४ सालीं रस्त्यावर असलेल्या मोटारींचें सरासरी वय १२.६ वर्षें होतें. सरासरी म्हणजे त्यांतल्या कित्येक गाड्या पंधरा आणि वीस वर्षांच्याही असणार. गुरूनें मंत्र सोडून दिला आहे, आणि शिष्य अद्याप जप करीत बसला आहे.

आपल्याकडे गोष्ट निराळी होती. १९८० पर्यंत आपणांस मोटार निवडावयाची नसे. ती मिळाली तर घ्यावयाची असे. उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यांतली पद्मिनी नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहून मिळे. त्या काळाचें गुणगान करण्याची माझी इच्छा नाहीं. टंचाई हा सद्गुण नव्हे, आणि त्या गाड्यांचें सुकाणू फिरवितांना दुखलेले खांदे मला आठवतात. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९१ नंतर बाजार खुला झाला, हें चांगलेंच झालें. परंतु टंचाईच्या काळांत एक गोष्ट आपोआप घडत असे. मालकाला आपली गाडी ठाऊक असे. कार्ब्युरेटरांत कचरा आला कीं प्लग काळा पडला, हें त्याला आवाजावरून कळे. निवड आली तेव्हां ही ओळख गेली. आज आपल्याला आपल्या गाडीचे दोन आकडे तेवढे ठाऊक असतात. एक तिचें साल आणि दुसरा तिचा हप्ता.

आतां त्या हप्त्याकडे वळूं. हप्ता हें किंमतीवर पांघरलेलें वस्त्र आहे. उदाहरणासाठीं १२ लाख रुपये मूळ किंमतीची पेट्रोलवरची मोटार घेतली असें समजूं. महाराष्ट्रांत अशा गाडीवर किंमतीप्रमाणें शेंकडा ११ ते १३ पर्यंत एकरकमी कर बसतो. येथें तो शेंकडा १२ धरला तर १ लाख ४४ हजार झाले. दहा लाखांचें कर्ज शेंकडा ९ व्याजानें पांच वर्षांसाठीं काढलें, तर दरमहाचा हप्ता सुमारें २०,७६० रुपये येतो आणि एकंदर व्याज सुमारें २ लाख ४५ हजार जातें. हा हप्ता जड वाटला तर विक्रेता मुदत सात वर्षें करून देतो. मग हप्ता सुमारें १६,०९० वर येतो, घरांत सर्वांना बरें वाटतें, आणि व्याज मात्र ३ लाख ५१ हजारांवर जातें. दरमहा पावणेपांच हजार वांचविल्याच्या आनंदासाठीं आपण एक लाखाहून अधिक रुपये सावकाराच्या हातावर ठेवले, हें त्या कॉफीच्या पेल्यावर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

याहूनही मोठा खर्च आहे तो न दिसणारा. मोटारीच्या विम्यांत गाडीची किंमत कशी उतरत जाते याचें एक रूढ कोष्टक आहे. एक वर्ष होईपर्यंत शेंकडा १५, दोन वर्षें होईपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, आणि पांचपर्यंत ५०. म्हणजे बारा लाखांची गाडी पांच वर्षांत कागदावर सहा लाखांची होते. हे ६ लाख, कराचे १ लाख ४४ हजार आणि व्याजाचे २ लाख ४५ हजार मिळून जवळजवळ ९ लाख ९० हजार होतात. विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग हीं यांत धरलेलीं नाहींत. आतां दुसरी बाजू. जुन्या गाडीस एकदांच नव्हे तर पांचही वर्षें दरसाल ७५,००० रुपयांची दुरुस्ती निघाली असा अगदीं वाईट अंदाज करूं. ते ३ लाख ७५ हजार. आज तिचे येणारे सव्वा लाख पुढें शून्य झाले असें धरूं. एकूण ५ लाख. म्हणजे अत्यंत निराशावादी हिशेबानेंही जुनी गाडी नवीच्या निम्म्या खर्चांत पडते. "पण नवी गाडी पेट्रोल कमी पिते ना!" असें कोणी म्हणेल. पिते खरी. वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणाऱ्या घरांत लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ४०० लिटर पेट्रोल घेते आणि २० देणारी ३०० लिटर. पेट्रोल सोईसाठीं १०० रुपये लिटर धरलें तर बचत वर्षाला १०,००० रुपये. केवळ व्याजच दरसाल सरासरी ४९,००० आहे. दहा हजार वांचविण्यासाठीं एकूणपन्नास हजार देणें याला अर्थशास्त्रांत काय म्हणतात तें मला ठाऊक नाहीं. घरांत याला उधळेपणा म्हणतात.

येथवर ग्राहक आणि विक्रेता यांचें झालें. तिसरा पंचांगी म्हणजे सरकार. आणि त्याची चूक सर्वांत गंभीर आहे, कारण तीत जिवाचा संबंध येतो. आपल्या कायद्याप्रमाणें खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षें चालते. त्यानंतर तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावयाची. याचा दुसरा अर्थ काय झाला? पहिलीं पंधरा वर्षें धुराचा दाखला सोडला तर त्या गाडीकडे सरकारचा कोणीही मनुष्य ढुंकून पाहत नाहीं. ब्रेक गुळगुळीत होवोत, टायरांचे दोरे बाहेर येवोत, सुकाणूंत चार बोटें खेळ पडो. गाडी 'नवी' आहे, म्हणून ती निर्दोष! आणि पंधरावें वर्ष लागलें कीं तीच गाडी एका रात्रींत संशयित ठरते. त्या दिवशीं तपासणी येते, राज्याचा पर्यावरण-कर येतो, आणि नूतनीकरणाची फीही येते. ही फी ६०० रुपयांवरून एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींसाठीं १०,००० करण्यांत आली. फी वाढविल्यानें ब्रेक सुधारत नाहीं, हें सांगावयास नको.

इंग्लंडांत काय करतात? तेथें तीन वर्षें झालेल्या प्रत्येक मोटारीची दरसाल तपासणी होते. ही पद्धत १९६० सालीं सुरू झाली. जपानांत नव्या खाजगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनीं आणि पुढें दर दोन वर्षांनीं होते. तपासणींत उतरली तर गाडी चालवा. न उतरली तर दुरुस्त करा किंवा मोडींत काढा. आपण पंधरा वर्षें झोंप घेतों आणि मग एकदम दंडुका उगारतों.

दिल्लीचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांवरून आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेल्या दुजोऱ्यावरून तेथें डिझेलची दहा वर्षांवरील आणि पेट्रोलची पंधरा वर्षांवरील गाडी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पेट्रोल-पंपावर इंधनच द्यावयाचें नाहीं असा प्रयोग सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत तो आवरता घ्यावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ रोजीं न्यायालयानें केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करूं नये असें सांगितलें. आणि डिसेंबरांत हें संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरतें मर्यादित केलें. या शेवटच्या दुरुस्तींत मला विवेकाचा एक किरण दिसतो. गाडी कधीं जन्मली एवढेंच न पाहतां ती कशी बनविली आहे हेंही त्यांत पाहिलें गेलें. २०२१ सालीं जाहीर झालेलें केंद्राचें वाहन-मोडीचें धोरणही, न्यायानें बोलावयाचें तर, कागदावर तपासणीलाच प्रमाण मानतें. परंतु लोकांच्या कानीं त्यांतलें एवढेंच पडलें कीं 'पंधरा वर्षांची गाडी सरकार मोडावयास लावणार'. आणि हा गैरसमज दूर करण्याची घाई कोणाही विक्रेत्यास झाली नाहीं.

शिवाय पंचांगाला वापर कळत नाहीं. आमची मोटार चौदा वर्षांत ८५,००० किलोमीटर चालली आहे. दिवसरात्र भाड्यानें धांवणारी टॅक्सी तेवढें अंतर दोन वर्षांच्या आंत कापील. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेनें ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेल्या, तेव्हां पुष्कळांना हळहळ वाटली. मला ती मर्यादा समजूं शकते. धंद्याचें वाहन झिजतेंच तसें. पण आठवड्यांतून दोनदां मंडईला आणि वर्षांतून दोनदां गांवीं जाणाऱ्या खाजगी गाडीस तोच न्याय लावणें म्हणजे हमाल आणि कारकून यांचे गुडघे एकाच वयाला थकतात असें समजणें होय.

आतां प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप घेतों. "नवी गाडी अधिक सुरक्षित असते, पोराबाळांच्या जिवापुढें हिशेब कसला?" हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. चाकें न अडकतां ब्रेक लागावेत यासाठीं असलेली ए.बी.एस. ही योजना आपल्याकडे २०१९ सालीं सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली. पुढील दोन्ही बैठकांसाठीं एअरबॅग नव्या नमुन्यांस एप्रिल २०२१ पासून आणि चालू नमुन्यांस २०२२ च्या आरंभापासून आवश्यक झाल्या. ज्यांच्या गाडीस यांपैकीं कांहींच नाहीं आणि जे मुलांना घेऊन द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगानें जातात, त्यांनीं ती गाडी अवश्य बदलावी. चौदा वर्षांची होण्याची वाटही पाहूं नये. पण लक्षांत घ्या, हें कारण वयाचें नसून बनावटीचें आहे. आमच्या २०११ च्या गाडीस ए.बी.एस. आणि दोन एअरबॅग आहेत, कारण त्या वेळीं चार पैसे अधिक देऊन आम्हीं त्या मागून घेतल्या होत्या. उलट, जानेवारी २०१४ मध्यें ग्लोबल एन्कॅप या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लोकप्रिय मोटारींच्या आघात-चाचण्या जाहीर केल्या, तेव्हां प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणांत पांचांपैकीं एकीसही एकसुद्धां तारा मिळाला नव्हता. त्या पांचही गाड्या कोऱ्या करकरीत होत्या! नवेपणा म्हणजे सुरक्षितता, हें समीकरण तेव्हांच मोडून पडलें आहे.

धुराचा आक्षेपही असाच अर्धा खरा आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकाची गाडी अधिक स्वच्छ आहे, आणि आमच्यासारखी गाडी अधिक धूर सोडते, हें मी नाकारीत नाहीं. जो रोज पन्नास किलोमीटर शहरांत फिरतो, त्यानें स्वच्छ गाडी, किंबहुना विजेवरची गाडी घेतली तर तो हिशेबानेंही शहाणा ठरेल. पण आठवड्यांत दोनदां निघणारी गाडी मोडींत घालून तिच्या जागीं दीडपट वजनाची नवी गाडी घेणारा गृहस्थ पर्यावरणाचें नांव घेतो, तेव्हां नव्या गाडीचें पोलाद कांहीं चंद्रप्रकाशावर वितळलेलें नसतें, एवढें त्यानें स्मरावें.

तेव्हां नवी मोटार घेऊंच नये असें माझें म्हणणें नाहीं. तळाला गंज लागून सांगाडा कुजला असेल, सुटे भाग मिळेनासे झाले असतील, वर्षाची दुरुस्ती गाडीच्या किंमतीहून अधिक होऊं लागली असेल, किंवा कुटुंबाची गरजच बदलली असेल, म्हणजे आईचे गुडघे आतां खालच्या बैठकींत वांकत नसतील, तर गाडी जरूर बदलावी. पण बदलतांना यंत्राचे आणि आपल्या गरजेचे प्रश्न विचारावेत. दुकानांत शिरण्यापूर्वीं आपल्या विश्वासाच्या कारागिराकडून जुन्या गाडीचा लेखी अहवाल घ्यावा. दुकानांत हप्ता विचारूं नये. सर्व करांसह एकूण किंमत आणि एकूण व्याज विचारावें. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन्कॅप ही आपली स्वतःची चाचणी-पद्धत सुरू झाली आहे. तींत त्या गाडीस किती तारे मिळाले तें पाहावें, आणि चाचणीच झाली नसेल तर कां झाली नाहीं तें विचारावें. गाडी गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, आपल्या रोजच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवून पाहावी. आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसास मागच्या बैठकीवर बसवून त्याचें मत घ्यावें. छप्पर सरकतें कीं नाहीं, पडदा किती इंचांचा, हे प्रश्न शेवटीं विचारावेत. वेळ उरला तर.

सरकारकडे मागणें एकच. पंधराव्या वर्षाचा बडगा नको. चौथ्या किंवा पांचव्या वर्षापासून ठराविक मुदतीनें ब्रेक, सुकाणू, टायर, दिवे आणि धूर यांची खरी, यंत्रानें होणारी तपासणी हवी. तीत आमची गाडी नापास झाली तर मी तक्रार न करतां ती मोडींत देईन. आणि शेजारची चार वर्षांची झगझगीत गाडी नापास झाली, तर तिलाही तोच न्याय लागावा.

राहतां राहिलें खरें कारण. तें हिशेबांत नाहीं, सुरक्षिततेंत नाहीं आणि धुरांतही नाहीं. लग्नाच्या कार्यालयापुढें गाड्यांच्या रांगेंत आपली गाडी उभी करतांना जी किंचित् मान खालीं जाते, तें खरें कारण. मुलगा म्हणतो, "बाबा, जरा लांब लावा ना." त्या चार शब्दांसाठीं आपण दहा लाखांचें कर्ज काढतों. या लाजेची थट्टा करण्याचा मला अधिकार नाहीं, कारण ती मींही अनुभवली आहे. पण ती लाज आपली स्वतःची नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं दूरच्या एका कारखान्यानें माल खपविण्यासाठीं जी तयार केली, तीच हप्त्यानें आपल्या दारीं आली आहे. आपल्या वडिलांच्या पिढीनें एक सायकल तीस वर्षें चालविली आणि तिच्यावर बसून ती पिढी चारचौघांत ताठ मानेनें गेली. त्या सायकलीचें साल त्यांना कोणी विचारलें नाहीं. आणि विचारलें असतें, तर त्यांनीं तें अभिमानानें सांगितलें असतें.

आमच्या घरीं पुन्हां मतदान झालें. या वेळीं ७५,००० रुपयांचा प्रस्ताव एका मताच्या आधिक्यानें संमत झाला. तें मत मुलाचें होतें. गॅरेजांत गाडी उचललेली असतांना तो तिच्या खालीं उभा होता, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदांच त्यानें ती खालून पाहिली होती.